वारलूच्या नावाचं भजन

पिपरटोल्यात मनकर्णा कोहळेला कोणी भांडखोर म्हणायचं, कोणी आडमुठी. म्हणायचं ते तिच्या माघारी. वैनगंगेच्या काठचं, चामोर्शीच्या बाजूचं हे धानाचं गाव. रोवणीला बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकल्या की पहिली ओळ मनकर्णाच उचलायची. आवाज असा की चार बांध्या पलीकडची माणसं मान वर करायची. गाणी ती स्वतः जुळवायची. लिहिता येत नव्हतं, पण एकदा जुळलेली ओळ ती विसरत नसे, आणि झालेला अपमानही.

तिचा नवरा वारलू गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचा. मंडळ त्याच्या बापाच्या वेळचं होतं. बारा पुरुष, एक पेटी, चार खंजिऱ्या, आणि बसायला समाजमंदिर. निवृत्त मास्तर बापूजी मंडळाचे प्रमुख. बायांनी मागे बसून ऐकायचं आणि भजन संपलं की चहा ठेवायचा, असा रिवाज.

शहाण्णव सालच्या महाशिवरात्रीला मंडळ मार्कंड्याच्या जत्रेत गायला गेलं. मनकर्णा आणि तिची शेजारीण गिरजाबाई नदीच्या वाळूत चूल मांडून भात शिजवत होत्या. देवळाकडच्या भोंग्यावरून पिपरटोल्याचं नाव पुकारलं गेलं आणि पाठोपाठ वारलूचा आवाज आला.

'परे उपटले देवा, मुळं पाण्यात धुतली,
एका बांधीची हिरवळ दुसऱ्या बांधीत रोवली.'

हे मनकर्णाचं गाणं होतं. लेक पुनम सासरी गेली, त्याच पावसाळ्यात धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटता उपटता जुळलेलं. पहिल्यांदा तर तिला बरंच वाटलं. इतक्या माणसांत आपलं गाणं. मग शेवटचं कडवं आलं.

'वारलू तो म्हणे देवा, कोणी पुसलं पऱ्याले?'

तिथं 'मनकर्णा म्हणे' होतं.

गिरजाबाईच्या हातातली पळी थांबली. "वो मनकर्णा, हे तं तुह्यं गाणं हाय."

"माहीत हाय मले," मनकर्णा म्हणाली. ती उठली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि अर्धा कच्चा भात तसाच टाकून गाड्या उभ्या होत्या तिकडे चालू लागली.

वारलू आला तेव्हा तिनं सरळ विचारलं, "माह्या गाण्यात तुमचं नाव काऊन घातलं?"

"बाईचं नाव भोंग्यावर कसं घ्याचं? लोकं हासले असते," वारलू म्हणाला. "आन् घर एकच हाय ना. तुह्यं काय, माह्यं काय."

"मंग खंजिरी द्या मले. मी वाजवीन उद्यापासून."

वारलू हसला. मंडळातले दोघं-तिघंही हसले. त्या दिवशीपासून मनकर्णानं नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणात काढा दिला, पण त्याच्याशी गोड शब्द बोलली नाही.

ती बापूजींकडे गेली. मास्तरांनी तिला ओट्यावर बसवलं आणि शाळेत समजवावं तसं समजावलं. "गाणं आता मंडळाचं झालं. देवाच्या दारात मी-तू नसते बाई. तुमा बायांना म्हणायचं असंन तं मागून म्हणा. पण नाव वारलूचंच राहीन."

"नवऱ्याचं नाव जल्मात तोंडानं घेतलं नाई मी, बापूजी. आता माह्याच गाण्यात घेऊ?"

बापूजींनी पेपर उघडला.

पंधरवड्यात मनकर्णाच्या गोठ्यात आठ बाया भजनाला बसू लागल्या. पेटी नाही, खंजिरी नाही; टाळाच्या दोन जोड्या आणि एक पितळी परात. गावाला ते झोंबलं. त्यांची बसायची वेळ झाली की समाजमंदिराचा भोंगा मुद्दाम गोठ्याच्या दिशेनं वळवून लावला जाई. कोणीतरी गोठ्याच्या दारात शेणाचं पाणी ओतलं. दोन बायांच्या नवऱ्यांनी त्यांना घरातच बसवलं. वारलू तर, बायकोनं सूर लावला की अंगणात येऊन मुद्दाम वेगळ्या ठेक्यात खंजिरी बडवायचा.

मनकर्णा ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं बायांना सांगून मंडळाचा चहा बंद केला. रामनवमीला पुरुष रिकाम्या पातेल्याकडे बघत बसले. त्या वर्षी बापूजींच्या शेतात रोवणीला एकही बाई गेली नाही. दुसऱ्या गावाहून माणसं आणेपर्यंत परे जून झाले आणि धान निम्म्यावर आलं. बापूजींची बायको रडत आली, तरी मनकर्णा आपल्या जागेवरून उठली नाही.

आपल्या माणसांशीही ती तशीच वागली. मंगली म्हणून एक तरणी विधवा होती, गळ्याची फार गोड. भोंगा ऐकून ऐकून तिच्या तोंडी एकदा चुकून 'वारलू तो म्हणे' आलं. मनकर्णानं टाळ खाली ठेवला. "तिकडंच जा तू. इथी येऊ नको." मंगलीनं पाय धरले. गिरजाबाईनं शब्द टाकला. मनकर्णाचं 'नाई' ते 'नाई'च.

फारूकभाई चंद्रपूरहून वर्षातून एकदा मंडळाची पेटी दुरुस्त करायला यायचे. त्यांचे वडीलही हेच काम करायचे. दोन हजार एक साली ते समाजमंदिरात पेटी उघडून बसले होते. सूर तपासायला त्यांनी काहीतरी म्हणायला सांगितलं. वारलूनं तेच भजन उचललं. शेवटच्या कडव्याला फारूकभाईंनी भाता थांबवला.

"नाम जम नाई रहा, वारलूभाऊ. ये बीच में 'तो' कायको डाला? इसमें कोई लंबा नाम होना."

बापूजी म्हणाले, "तुमी पेटी पाहा, फारूकभाई."

गावात काही लपून राहत नाही. फारूकभाईंना ते लांब नाव बसस्टॉपवर पोचेपर्यंतच कळलं. पुढच्या खेपेला ते सरळ मनकर्णाच्या गोठ्यात आले. जुन्या तीन पेट्यांचे भाग जुळवून बनवलेली एक पेटी त्यांनी परातीशेजारी ठेवली. "दो सूर कच्चे है बाई. पर चलती." मंडळानं त्यांना गावात बोलावणं बंद केलं. त्यांनीही परत विचारलं नाही.

दोन हजार तीन साली तालुक्याला भजन स्पर्धा झाली. दोन्ही मंडळांनी नावं दिली. बाया आधी स्टेजवर गेल्या आणि मनकर्णानं 'परे उपटले देवा' सुरू केलं. पहिलं कडवं संपायच्या आत बापूजी वही घेऊन उभे राहिले. हे भजन आमच्या मंडळाचं आहे, शहाण्णवपासून वहीत लिहिलेलं आहे, रचणाऱ्याच्या नावासकट.

परीक्षक गडचिरोलीच्या संगीत शिक्षिका होत्या. त्यांनी वही पाहिली आणि खाली बसलेल्या वारलूला विचारलं, "हे तुम्ही रचलं?"

सगळा मांडव वळून बघू लागला. वारलूनं बायकोकडे पाहिलं, मग बापूजींकडे.

"हो," तो म्हणाला. "मीच रचलं."

मनकर्णानं माईक हातात घेतला. आवाज चढवला नाही. "वारलू कोहळे," ती म्हणाली, आणि मागे बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. "खरं बोलाची आज येळ होती. गेली. ठेवा ते गाणं तुमच्या वहीत."

मग तिनं रोवणीतलं दुसरं गाणं उचललं, पुरुषांसमोर बायांनी कधी न म्हटलेलं, सासरच्यांची ओळीओळीनं सालटी काढणारं. पेटीचे कच्चे सूर मध्येच घसरत होते. बायांनी त्यांची पर्वा केली नाही. मांडवात मागच्या रांगेतल्या अनोळखी बाया ओळीमागून ओळ धरू लागल्या, आणि बापूजी वही मिटून बाहेर गेले. बक्षीस त्या दिवशी तिसऱ्याच गावाला मिळालं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरुषांचं मंडळ विरलं. पोरं चंद्रपूरच्या वीजकेंद्रावर, ऊर्जानगरकडे, ठेकेदारीच्या कामाला गेली, म्हातारे टीव्हीसमोर बसू लागले. बायांचं मंडळ मात्र चौदावर गेलं. गुरुवारी त्या आता समाजमंदिरातच बसतात. कुलूप गिरजाबाईनं दगडानं तोडलं होतं. नवं कोणी लावलं नाही.

एका गुरुवारी वारलू खंजिरी घेऊन दाराशी आला. "तुमच्यात खंजिरीवाला नाई," तो म्हणाला. "मी बसतो मागं."

"बसा," मनकर्णा म्हणाली. "आधी या चौदा बायांसमोर सांगा, गाणं कोणाचं होतं."

वारलूनं खंजिरी काखेत मारली. मग तो पायऱ्या उतरून पानठेल्याकडे गेला.

"लय निर्दय हायस तू," गिरजाबाई हळूच म्हणाली.

"हाय," मनकर्णा म्हणाली. "सूर दे."