गयाबाईची हाक

बेल्यात गावकरी म्हणतात, गयाबाई शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आदल्या दिवशी बैलाला मोहाची दारू पाजते. सांगणारा वरून शपथ घेतो, "या डोयानं पाह्यलं न बापा." पाहिलेलं कुणीच नाही.

खरं एवढंच, की शंकरपटात गयाबाई धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते आणि हाक मारते. तिच्या गोठ्यात वासरू जन्मलं की त्याच दिवसापासून हा नेम: आधी हाक, मग दूध, पुढं वैरण. म्हणून तिच्या बैलांना पराणी टोचावी लागत नाही. ते हाकेकडे धावतात. तीस वर्षांत बक्षिसाच्या ढाली इतक्या साठल्या, की दोन तिनं कोंबड्यांच्या खुराड्याला झाकण म्हणून लावल्या.

आता गुडघे गेले. उन्हात तासन्‌तास उभं राहणं नको झालं. शेवटचा बैल पाखऱ्या नार्नूरच्या महिपतला देऊन एकदाचं बसायचं, असं तिनं ठरवलं. पण महिपत अडला. "बैल माह्या घरी अन् हाक तुमच्या गळ्यात, कसं चालन मावशी?"

शेजारची प्रगती, म्हणजे हे लिहिणारी, सरपंचापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढते. ती म्हणाली, "आजी, मी हाक मारली तं पाखऱ्या माह्याकडंच येईन. लावा पैज."

"हरली तं महिनाभर शेण तू काढशील," गयाबाई म्हणाली, आणि मनात म्हणाली, जिंक बाई.

ती शेतातल्या कडुनिंबाखाली तोंडाला पदर लावून बसली; महिपतनं पाखऱ्याला शेताच्या मधोमध सोडलं. पलीकडच्या धुऱ्यावरून, बांधावर उभ्या प्रगतीची हाक आली, "ये गाऽ राजा." हुबेहूब. आपणच तिकडं उभ्या आहोत, असं क्षणभर गयाबाईलाही वाटलं. पाखऱ्यानं कान टवकारले, दोन पावलं टाकली. मग थांबून त्यानं वारा हुंगला, वळला, आणि सावकाश निंबाखाली येऊन गयाबाईच्या मांडीवर तोंड ठेवलं.

महिपतनं मोटरसायकलला किक मारली.

"जिंकली मी," बैलाच्या कपाळावरची माती पुसत गयाबाई म्हणाली. "आता बसू कवा?"

तिला प्रगतीनं धरून उठवलं. एवढ्या दमलेल्या बाईला शेणाचं काय ध्यानात राहणार, असं प्रगतीला वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच भिंतीपलीकडून हाक आली, "ये गाऽ राजा."

प्रगती टोपलं घेऊन गेली.