चढावरची खणखण

आमच्या आप्पांनी अख्खी नोकरी फौजेत गाड्यांची इंजिनं खोलली आणि घरी आल्यावर आमची सालटी काढली. रहिमतपुरात त्यांच्या कानाचा मोठा दबदबा. कुणाची मोटार असो, कुणाचा पंप असो, आप्पा नुसते उभे राहून ऐकायचे आणि रोग सांगायचे. आम्हाला मात्र त्या कानाचा धाकच जास्त. भावाकडून टायमिंग चुकलं की त्याला बखोटीला धरून बॉनेटमध्ये वाकवायचे आणि ओरडायचे, "ऐक रं बहिऱ्या!" मी जवळ गेले तर म्हणायचे, "तू च्या ठेव जा. बायकास्नी इंजिनाचा कान नसतोय."

आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग दर खंडेनवमीला, पूजेच्या आधी लागायचं. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार आधी पडली तर चढावर इंजिन आतून वाजायला लागतं, आणि तशीच दामटली तर पिस्टन जळतो. आप्पांची रीत अशी: ठिणगी सोडणारा डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे, म्हणजे ठिणगी आधी पडेल असा फिरवायचा, घरच्यांना गाडीत कोंबून गावाबाहेरचा चढ चढायचा आणि ऐकायचं. खणखण आली तर केसभर मागे, नाही आली तर अजून पुढे. त्यांना नीट ऐकता यावं म्हणून चढ संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा कायदा. एकदा आई मध्येच काहीतरी बोलली, तर तिला भर उन्हात चढावर उतरवून आम्ही पुढे गेलो होतो. ती पदर डोक्यावर घेऊन मागून चालत आली.

भावाचं आता कुपवाडला स्वतःचं गॅरेज आहे. त्याच्याकडे टायमिंगचा दिवा आहे. फिरत्या पुलीवर धरला की खूण जागच्या जागी दिसते, काम झालं. आप्पांनी तो दिवा हातातसुद्धा घेतला नाही. "दिव्यानं टायमिंग बघायचं म्हंजे चष्मा लावून आमटी चाखायची," म्हणाले.

गेल्या खंडेनवमीला मी सांगलीहून माहेरी गेले. आप्पांना बोललेलं ऐकू येत होतं, म्हणून आपला कान गेलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण कुकरची शिट्टी त्यांना येत नव्हती, खिशातला मोबाईल वाजलेला कळत नव्हता. बारीक आवाज गेले होते, आणि ही खणखण बारीकच असते. हे भावाला ठाऊक होतं. मलाही होतं.

भावाने गाडी चढाला लावल्याबरोबर इंजिन वाजायला लागलं, डब्यात खिळे हलवावेत तसं. आप्पा डोळे मिटून बसलेले. वर पोचल्यावर म्हणाले, "काय न्हाई. अजून पुढं घे."

भावाने उतरून डिस्ट्रिब्युटर पुढे घेतला. पुन्हा खाली, पुन्हा चढ. आता तर शेजारून सायकल ढकलत जाणारा माणूसही वळून बघायला लागला. वहिनीने माझ्या मांडीला चिमटा काढला. भावाने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेरचा ऊस बघायला लागले.

"अजून घे. भितोस कशाला? आता बघ कशी पळतीया."

"व्हय, आप्पा," भाऊ म्हणाला. इतक्या गोड आवाजात तो त्यांच्याशी जन्मात बोलला नव्हता.

झेंडूची माळ घालून दसऱ्याला गाडी आम्हा सगळ्यांना घेऊन सांगलीला निघाली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. पेठनाक्याच्या पुढे धुराचा लोट निघाला, पॉवर गेली आणि माळेसकट गाडी दोरीने ओढत कुपवाडला न्यावी लागली.

भावाने इंजिन खोललं आणि पिस्टन आप्पांच्या तळहातावर ठेवला. डोक्यावर बोट जाईल एवढं भोक. असा पिस्टन आता भंगारातही मिळत नाही, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक? त्यांनी भोकात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"वाजलं असणार," ते हळूच म्हणाले.

"सगळ्या चढाला वाजत हुतं, आप्पा."

"मग बोलला न्हाईस?"

"चढाला बोलायचं न्हाई. तुमचाच कायदा."

मग आप्पा माझ्याकडे वळले. इंजिनाबद्दल त्यांनी मला जन्मात काही विचारलं नव्हतं. "खोटं सांगतोय त्यो. तुला ऐकू आलं हुतं व्हय गं?"

त्यांचा चेहरा अगदी केविलवाणा झाला होता. मी नुसतं नाही म्हणायचा अवकाश, पोरगा लबाड ठरला असता आणि म्हाताऱ्याचा कान वाचला असता. बाकी काही त्यांना नको होतं.

"आवं आप्पा," मी म्हटलं, "बायकास्नी कुठं इंजिनाचा कान असतोय?"

जरा मोठ्यानेच म्हटलं, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.