डाव्या कॉर्नरचा हात

मध्य प्रदेशातल्या आमच्या मराठी पट्ट्यात, मोहगावच्या चौकात कुलदीपचा फ्लेक्स लागला तेव्हा त्याच्या फोटोखाली गावातले सगळे शुभेच्छुक होते. कोणी गॉगल लावून, कोणी मोबाइल कानाला लावून. वर हिंदीत मोठ्या अक्षरात, 'मोहगांव के लाल ने रचा इतिहास.' कोणता इतिहास, हे लावणाऱ्यांना माहीत नव्हतं. सकाळी कोणाच्या तरी मोबाइलवर कुलदीपचा फोटो आला होता, खाली लिहिलं होतं 'देश का पहला'. तेवढंच वाचलं. आपला पोट्टा पहिला आला म्हणजे फ्लेक्स लागलाच पाहिजे.

दुपारी कोणीतरी बातमी शेवटपर्यंत वाचली. लीगमध्ये कबड्डी खेळणाऱ्या कुलदीपने एका चॅनलला सांगितलं होतं, की मी समलिंगी आहे, मला पोरी नाही, पोरं आवडतात, आणि मी हे खेळता खेळताच सांगतो आहे, खेळ सोडल्यावर नाही.

संध्याकाळी मी पांढुर्ण्याहून मोहगावला पोहोचले, तर शुभेच्छुक ब्लेड घेऊन फ्लेक्सवरून आपापली तोंडं कापून नेत होते. एक जण शिडीवर, दुसरा खालून ओरडतोय, "माहंबी काढ ना बे, गॉगलवालं!" खरं सांगते, आधी मला हसूच आलं. मग पाहिलं तर वर एकटा कुलदीप उरलेला, भोवती भोकंच भोकं. फ्लेक्स उतरवला मात्र कोणी नाही. त्याच्या फोटोलाही हात लावायला कोणी तयार नव्हतं.

पांढुर्ण्यात मी अशा पोरापोरींसाठी एक खोली चालवते. घरून हाकललेले, घाबरलेले येतात, बसतात, चहा पितात. कुलदीप लीगमध्ये जायच्या आधीपासून तिथे यायचा. बोलायचा कमी. एकदाच म्हणाला होता, "ताई, लपून खेळलं का रेडरच्या पायाकडे लक्षच राहत नाही. आपलाच पाय कोणी पाहून राहिलं का, तेच पाहा लागते."

आणि पाय पाहणं हेच तर त्याचं काम. कुलदीप डावा कॉर्नर. समोरचा रेडर, म्हणजे चढाई करणारा, आत आला की टोकाला उभा असलेला कॉर्नर झेप घेऊन त्याचा घोटा धरतो. पण एकटा नाही. शेजारच्या खेळाडूचा हात त्याच्या हातात असतो, तो मागून तोलून धरतो, ओढून घेतो. ही साखळी. हात सुटला की कॉर्नर गेला. शाळेमागच्या मैदानात लहानपणापासून कुलदीपच्या हातात हात असायचा तो शेजारच्या विनोदचा. पुढे कुलदीप लीगमध्ये गेला आणि विनोद बोरगावच्या कंपनीत लागला. तरी सणावाराला गावच्या सामन्यात दोघांची साखळी ठरलेली.

दुसऱ्या दिवशी माईकवाले आले. नागपूरचे, भोपाळचे, कुठकुठले. कुलदीपचे वडील नत्थूजी संत्र्याच्या तोडणीला निघाले होते, त्यांना दारातच धरलं.

"बाबूजी, आपको कब पता चला?"

"कायचं पता? फ्लेक्स लागला तवाच."

"बचपन से ऐसा ही था?"

"हो जी. बचपनपासून डावा कॉर्नर. उजव्या बाजूले कधी खेळलाच नाही."

जमलेली पोरी-पोरं हसली. नत्थूजींना प्रश्न कळत नव्हता की कळूनही कबड्डीतच राहायचं होतं, हे मी आजवर त्यांना विचारलं नाही. कुलदीपची आई यमुनाबाई, तिने आतून कडी लावून घेतली. मग एक जण म्हणाला, बाबूजी, मुलाचा फोटो छातीशी धरा आणि जरा खाली पाहा. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी त्याचा माईक हिसकला. "अबे, एकाने तरी विचार ना, का घोटा कसा धरते! खेळाडू हाय ना थो? का तमाशातला नाच्या हाय?" तेही त्यांनी दाखवलं. खाली पट्टी, 'गांव में तनाव'.

तणाव तोवर नव्हता. तो त्यांनीच आणला, चार दिवसांत. एका पोर्टलला गावच्या सामन्याचा जुना फोटो सापडला. कुलदीप आणि विनोद, हातात हात, रेडरवर झेपावायच्या बेतात. त्यांनी दोघांच्या हातांभोवती लाल गोल काढला आणि वर लिहिलं, 'क्या यही है वो?'

मोहगावात बारकं पोरगंही सांगेल की ती साखळी आहे. सगळ्यांना माहीत होतं. आणि माहीत असूनही सगळ्यांनी तो फोटो पुढे पाठवला. विनोदचं लोधीखेड्याला लग्न ठरलं होतं, ते मोडलं. पोरीच्या मामाने फोन केला आणि फोटोचं नावही न घेता म्हणाला, "पोरीचं शिक्षण चालू हाय, सध्या थांबतो."

त्या हंगामानंतर लीगच्या संघाने कुलदीपला ठेवलं नाही. 'संघाची गरज', एवढंच कारण. त्याच्या घरी रांग लावणाऱ्यांपैकी एकही माईक संघाच्या दारात गेला नाही.

तो गावी परत आला. मी म्हटलं, भांडू, पत्रकार परिषद घेऊ, वकील पाहू. तो नाही म्हणून मान हलवायचा. "ताई, मले कोणाशी भांडायचं नाही. पोळ्यानंतरच्या स्पर्धेत एक सामना खेळायचा हाय. विनोदच्या बाजूले उभा राहून. मंग झालं."

स्पर्धा समितीने त्याला संघात घेतलं. मन मोठं होतं म्हणून नाही. तो असला तर गर्दी होते म्हणून. गर्दी झालीही. आणि कॅमेरेही आले.

दुपारचं ऊन, समोर सौसरचा संघ. मी रेषेला लागूनच उभी होते. विनोद येऊन आपल्या जागेवर उभा राहिला आणि कमरेला खोचलेला रुमाल काढून त्याने कुलदीपसमोर धरला.

"हे काय बे?"

"रुमाल. एक टोक तुह्याकडे, एक माह्याकडे. पंचाले सांगतलं मी, चालते म्हणे."

"विनोद, हात दे ना."

विनोदने मान न हलवता डोळ्यांनीच रेषेपलीकडचे कॅमेरे दाखवले. "थे पाहाय. थे नसते तं देल्ला असता, माह्या मायची शपथ. आता तिगावचे पोरीवाले पाहून गेले हायत मले. आज हात धरला का उद्या पुन्हा लाल गोल."

मला वाटलं कुलदीप मैदानाबाहेर येईल. मी असते तर आले असते, रुमाल तोंडावर फेकून आले असते. त्याने मात्र बोटाला गुंडाळून टोक घट्ट धरलं.

सौसरचा रेडर आत आला. त्याचा पाय डावीकडे पडला मात्र, कुलदीप झेपावला. घोटा अचूक धरला. पण मागून तोलणारा हात नव्हता. रुमाल ताणला, विनोदच्या घामेजल्या बोटांतून सुटला, आणि रेडर कुलदीपला मातीतून फरफटत मधल्या रेषेपर्यंत घेऊन गेला. पंचाने कुलदीपला बाहेर काढलं.

"नवरीचा पदर सुटला बे!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. सगळं मैदान हसलं. विनोद खाली पाहत राहिला. कुलदीप बाहेर जाऊन बसला. पुढे आत यायची पाळी आली तेव्हा उठला नाही. रुमाल त्याच्या बोटाला तसाच.

त्या सामन्याची क्लिप देशभर फिरली. फरफट कापून टाकलेली. फक्त दोघं, मधे रुमाल, मागे बासरी. 'दोस्ती का रूमाल. छोटे गांव का बड़ा दिल.' लोक मला लिहून राहिले, ताई, रडू आलं, खेडी बदलतायत. एका चॅनलवाल्या बाईने फोन केला, काहीतरी सकारात्मक बोला म्हणाली. मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

कुलदीप आता नागपुरात एका जिममध्ये काउंटरवर बसतो. कबड्डी शिकवायचा विचार केला होता, पण त्याच्या हाताखाली पोरं कोण पाठवणार? दर जून महिन्यात, प्राइडचा महिना म्हणून चॅनलवाल्यांना असे विषय आठवतात तेव्हा, त्याचा फोन वाजतो. तो उचलत नाही.

विनोदचं लग्न शेवटी तिगावलाच झालं. चौकातल्या त्याच लोखंडी चौकटीवर त्याच्या शुभविवाहाचा फ्लेक्स लागला, कुलदीपचा न काढता, त्याच्यावरूनच. सगळे शुभेच्छुक खाली हजर, गॉगलवाला धरून. नत्थूजी बागेत जायला आता मागच्या रस्त्याने जातात.

कुलदीपला पत्रिका नव्हती. लग्न झाल्यावर मी त्याला फोन केला. बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. मग विचारलं, "ताई, लग्नाले कॅमेरेवाले गेल्ते का?"

"नाही बा. कोणी नाही गेलं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.