न झालेल्या चोरीची फिर्याद

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीतल्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. वडील नोकरीनिमित्त नागपूरहून इकडे आलेले, मी उत्तर प्रदेश पोलिसात शिरलेला. ठाण्यात मराठी बोलायची संधी क्वचितच यायची. त्या सकाळी ती आली, ती एका मराठी जोडप्याच्या रूपाने.

नवरा गोमती नगरातल्या कंपनीत होता. तोच बोलत होता. "सर, कपाटातून हिच्या माहेरच्या पाटल्या, मंगळसूत्र, सब कुछ गेलं. चाबी कुठे असते, ते फक्त कामवालीला माहीत आहे."

बायको शेजारी बसली होती. गळ्यात साध्या दोऱ्यात ओवलेले काळे मणी होते. ओळख पटावी म्हणून नवऱ्याने दागिन्यांसह तिचा एक फोटो दिला.

पंचनाम्यात दाराचं कुलूप शाबूत आढळलं. कामवालीला भर गल्लीतून जीपमध्ये बसवून आणलं, तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहब, चोर का ठप्पा लग गया तो कौनो घर में घुसने नहीं देगा।" तिचं म्हणणं खरं होतं. आमचे दरोगा म्हणजे फौजदार म्हणाले, "सर, थोडा कड़क हो जाएँ, उगल देगी।" मी साफ नाही म्हणालो. पुराव्याशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि सूर्यास्तापूर्वी महिला शिपायासोबत घरी सोडायचं, असा हुकूम दिला.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली: फिर्यादी साहेबांनी मलिहाबादला आंब्याच्या बागेच्या राखणदाराकडे एक डबा ठेवायला दिलाय, आणि त्यांच्या दारात वसुलीवाल्यांची रोजची वर्दळ असते. चौकशी केली तेव्हा कळलं, भागीदारीचा धंदा बुडाला होता आणि गृहस्थ नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या अर्जाची तयारी करत होते.

मी बायकोला एकटीला बोलावलं. महिला शिपाई शेजारी होती. फोटो पुढे ठेवला. मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये एक पोवळं होतं. तेच पोवळं तिच्या गळ्यातल्या दोऱ्यातही होतं.

"ताई, चोराने सोनं नेलं आणि मणी ओवून तुमच्या गळ्यात घातले का?"

तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिला रडू फुटलं. "सोनं काढून दिलं हो, पण गळा मोकळा ठेवायला जीव होईना. वसुलीवाला म्हणाला, कोर्टवाले अंगावरचंही उतरवून नेतात. म्हणून ह्यांनी चोरीचं सोंग केलं."

मला तिची दया आली आणि तिच्या नवऱ्याचा संताप. त्याला समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं. "अहो, वकिलाला विचारायचं सोडून वसुलीवाल्याचं ऐकता? जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, मालमत्ता आणि देणी खरीखरी सांगायची. नादार ठरलात की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. तो ती विकून पैसे घेणेकऱ्यांत वाटतो. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं यांना तो हात लावत नाही. धर्मरूढीने बाईला उतरवता येत नाही तो दागिना, म्हणजे मंगळसूत्रही, सुटतो. माहेरच्या पाटल्या तर हिचं स्त्रीधन, तुमच्या देण्याशी त्यांचा संबंधच नाही! प्रामाणिक वागलात तर पुढे न्यायालय मुक्तता देतं आणि बहुतेक उरलेली देणी संपतात. लपवाछपवी केलीत तर मुक्तता अडते, वर तुरुंगही होतो."

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, आपसात मिटवून टाकू."

"मिटवायचं ते माझ्याशी नाही," मी म्हणालो.

मलिहाबादहून दागिन्यांचा डबा जप्त झाला. खोट्या फिर्यादीचा अहवाल मी कोर्टात पाठवला, कितीही हात जोडले तरी थांबवला नाही. त्याआधी दोघांना घेऊन मी त्याच गल्लीत गेलो आणि शेजाऱ्यांसमोर कामवालीची माफी मागायला लावली. बायकोने तिचे पाय धरले.

कामवालीने तिला उठवलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहब, इनका करजा तो अदालत काट देगी। हमारे दो घर छूट गए, ऊ कौन भरेगा?"

मी त्या घरांत स्वतः जाऊन सांगितलं. एका घराने तिला परत घेतलं, दुसऱ्याने नाही.

बुडालेल्याला पुन्हा उभं राहता यावं म्हणून कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. फुकटचा आळ आलेल्या बाईसाठी मात्र तसा अर्ज कुठल्याच कोर्टात करता येत नाही. म्हणून त्यानंतर निवृत्तीपर्यंत घरच्या चोरीत कामवालीचं नाव आलं की मी आधी फिर्यादीची झडती घेत असे.