बेबीनंदाची अथणी

आमच्या गल्लीत बेबीनंदा नावाची बाई राहते. पंचेचाळिशी उलटली, केस पिकले, तरी बेबीच. जन्मल्यावर तिचं नाव ठेवायला कुणाला सवड झाली नाही, शाळेत घालताना मास्तरांनी बेबीपुढे नंदा जोडलं, असं ती स्वतःच हसत सांगते. पुढे नावं ठेवायला मात्र सगळ्यांना सवड मिळाली.

जालन्याच्या एमआयडीसीत आम्ही दोघी एका कंपनीत बियाणं निवडायला जातो. समोरासमोर बसून इतकी वर्षं झाली, की तिची खडान्‌खडा माहिती आपल्याला आहे, असा माझा समज होता. नवऱ्याने दुसरी आणली म्हणून ती घनसावंगीकडचं सासर सोडून भावाकडे आली, हे ठाऊक होतं. भाऊ कल्याण तिच्याहून पुष्कळ लहान, रोलिंग मिलमध्ये कामाला. आईमागे तिनेच त्याला सांभाळलं, तिनेच पुढे होऊन त्याचं लग्न लावलं. स्वभावाने बाई गरीब गाय. चार शब्द ऐकून घेईल, पण उलटून बोलणार नाही. मला अशा माणसांचा रागच येतो.

यंदा कल्याणला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे बेबीनंदाचा. उभ्या आयुष्यात तिच्या वाट्याला आलेला हा पहिला मान असेल. काय नाव काढलंस म्हणून आम्ही कंपनीत तिला खोदून खोदून विचारायचो, ती नुसती हसायची. भावजय शीतलने मोबाईलवर शोधून आर्वी हे नाव मनात धरलं होतं. पण नणंदेचा मान म्हणून ती थांबली होती.

बारसं तीन दिवसांवर आलं तेव्हा मी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. तेव्हा बेबीनंदाने पहिल्यांदा नाव सांगितलं. अथणी.

कुणाला काही उमगेना. कल्याण म्हणाला, हे तर कर्नाटकातलं गाव, आमच्या मिलचा माल जातो तिकडे. दारात उभा असलेला शेजारचा बबलू कशाला गप्प बसतोय? मग दुसऱ्या लेकराचं परतूर ठेवा अन् तिसऱ्याचं मंठा, म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. आर्वी हेसुद्धा वर्ध्याकडचं गाव आहे, माझी मावसबहीण तिथेच दिलीय, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बेबीनंदा हसली नाही. हेच नाव ठेवायचं, असं तिने दोनदा सांगितलं. कधी कशाचा हट्ट न धरणारी बाई हट्टाला पेटलेली बघून कल्याणचं हसू मावळलं. त्याने बबलूला घालवून दिलं, दार लोटलं आणि तिच्याजवळ बसून कारण विचारलं.

मग तिने सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती नवऱ्यासंगे ऊसतोडीला गेली होती. दिवस भरत आलेले, तरी गेली, कारण तिथे काम नवरा-बायकोच्या जोडीला मिळतं, एकाला मागे ठेवून चालत नाही. उसाच्या फडालगत पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तिला मुलगी झाली. बाराव्याला नाव ठेवायचं ठरलं होतं. दहाव्या दिवशी पोर तापाने गेली. नवऱ्याने तिला बांधाच्या कडेला पुरलं. दुसऱ्या दिवशी तो फड संपला आणि मुकादमाने सगळी टोळी ट्रॅक्टरमध्ये घालून पुढे नेली. कुणाचा मळा, कुठल्या गावची शीव, हिला काहीच माहीत नाही. पाट्या सगळ्या कानडी. वाटेत ट्रॅक्टरवाला म्हणाला, हे अथणी आलं. तेवढा एक शब्द घेऊन ती घरी आली. माहेरी गेल्यावर आई म्हणाली, बारसं न झालेल्या लेकराचं कुणी दुःख करत नसतं, कुणापाशी बोलू नकोस. ती बोलली नाही. माझ्यासमोर बसून इतकी वर्षं बी निवडलं, कधी बोलली नाही.

"मला तिला हाक मारायला काहीच न्हाई रे कल्याण," ती म्हणाली. "त्या गावचं नाव तेवढं माझ्यापशी हाय. घरात कुणी अथणी म्हणलं की मला वाटंल, माझ्याच लेकीला बोलावून राह्यले."

बहिणीला मूल झालं होतं हेच कल्याणला माहीत नव्हतं. शीतलने मांडीवरची पोर छातीशी धरली.

"आक्का, तुमचं दुःख मला कळून राह्यलंय," ती म्हणाली. "पण जिथं लेकरू पुरलं त्या जागेचं नाव मी माझ्या जित्या लेकराला न्हाई देणार. माझं काळीज न्हाई धजत."

बेबीनंदा लगेच म्हणाली, "बराबर हाय तुझं."

मला शीतलचा असा संताप आला, की लाडवांचा डबा तिथेच ठेवून मी निघून आले. घरी येऊन भांडी आपटली. मग हळूहळू वाटायला लागलं, की ती तरी काय चुकीचं बोलली? ओली बाळंतीण ती. मी तिच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. दोघींचं खरं होतं आणि त्यावर काही उपाय नव्हता.

पुढचे दोन दिवस बेबीनंदा कामावर आली, पण हात चालत नव्हते. बी चाळणीत तसंच पडून राहायचं. माझ्याऐवजी तूच नाव ठेव, माझ्या तोंडाला यश नाही, असं मला म्हणाली. मी तिला फाडून खाल्लं. धडधाकट आत्या असताना शेजारणीने नाव ठेवलं तर लोक शीतलच्या तोंडात शेण घालतील, म्हटलं. ते मात्र तिला पटलं.

बारशाला गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. पाळण्याला फुगे बांधले होते, परातीत घुगऱ्या होत्या. आपल्याकडे पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, बाळाचं आयुष्य त्याच्यासारखं दणकट व्हावं म्हणून. एरवी कुणीतरी म्हातारी त्याला हळदीकुंकू लावते आणि उरकून टाकते. त्या दिवशी शीतलने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः वरवंटा कोमट पाण्याने धुतला, नवं झबलं गुंडाळलं, टोपडं बांधलं, गालबोट लावलं आणि तो आणून बेबीनंदाच्या मांडीवर ठेवला.

"आक्का, ही थोरली," ती म्हणाली. "आधी हिचं नाव ठेवा."

बेबीनंदा त्या टोपड्याकडे बघतच राहिली. मग ती खाली वाकली, कान असतो तिथे ओठ लावले आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. आत्याने नाव सांगितलं की बाया तिच्या पाठीत बुक्के मारतात, पण कुणाचा हात उचलला गेला नाही. काय घडलं होतं ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं, तरी बाईच्या जातीला अशा गोष्टी कळतात. तिने वरवंटा पाळण्यात निजवला, वरून दुपटं सारखं केलं, दोरी ओढली.

"अथणे," तिने हाक मारली. "ए अथणे."

मग बोलता न येणाऱ्या लेकरासाठी आया बारीक आवाज काढून ओ देतात ना, तसा आवाज काढून शीतल मागून म्हणाली, "ओ, आये."

तेव्हा बेबीनंदा रडली. चोवीस वर्षांचं रडणं होतं, आम्ही कुणी तिला आवरलं नाही. शीतलची पोर भुकेने किंचाळत होती, तरी शीतल थांबली. शेवटी बेबीनंदानेच पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आण, धाकटीला आण आता." तिच्या कानात नाव सांगून सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाली, आर्वी. मग आम्ही तिच्या पाठीत बुक्के मारले. मी जरा जोरातच मारले, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.