जन्मापासूनचं दुखणं

मी आज जो काही आहे तो शिनोलीच्या माझ्या आत्यामुळे. सातवीनंतर वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं आणि बारावीपर्यंत मी तिच्याच घरून घोडेगावच्या शाळेत गेलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवीचा कागद तिने देवापुढे ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. कोपऱ्यातला हळदीचा डाग अजून तसाच आहे.

आत्याची एक सवय होती. डॉक्टरांपुढे ती दुखणं नेहमी वाढवून सांगायची. "दोन दिसांचं म्हणलं का डॉक्टर गोळी देतो आन वाटंला लावतो. लई दिसांचं म्हणावं, मंग हात लावून बघतो." नववीत मला ताप आला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिने सरकारी दवाखान्यात सांगितलं, "पंधरा दिस झालं, पोरगं अन्नाला शिवलं न्हाई." मला लगेच दाखल करून घेतलं. टायफॉईड निघाला. मी कॉटवरून तिच्याकडे पाहिलं, तर तिने हळूच डोळा मिचकावला.

पुढे मी आळेफाट्याला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये ऑफिसच्या कामाला लागलो. लग्न झालं, मुलगी झाली. ती दोन वर्षांची असताना घरच्यांचा आरोग्य विमा काढला. सहा वर्षांची झाली तेव्हा सकाळी उठल्यावर पाय ओढत चालायला लागली. खेळताना लागलं असेल, असं आम्ही दोघं म्हणत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत ती शिनोलीला गेली. आत्याने तिचा गुडघा पाहिला आणि आम्हाला न विचारता तिला एसटीत घालून मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? आत्या म्हणाली, "जन्मल्यापास्नं लंगडती बघा." डॉक्टरांनी नीट तपासलं आणि पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ऐकलं तसं कागदावरही लिहिलं.

पुण्यात कळलं की हा सांध्यांचा आजार आहे, लहान मुलांनाही होतो. ठरावीक दिवसांनी इंजेक्शन द्यायचं, तेही काही वर्षं. वेळेवर मिळालं तर मुलगी पळेल, नाही तर गुडघा कायमचा वाकडा होईल. इंजेक्शन इतकं महाग की माझ्या पगारात दोन-तीनदाच जमलं असतं. विमा आहे म्हणून आम्ही धीर धरला. विमा कंपनीने जुने सगळे कागद मागवले आणि उत्तर पाठवलं: आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, तो लपवला आहे, खर्च मिळणार नाही.

विम्याचा एजंट राजुरीचा, ओळखीतला. मंचरचा कागद वाचून त्याने कपाळाला हात लावला. "म्हातारीनं घात केला राव! भाऊ, आता डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घ्या, अंगणवाडीचं कार्ड जोडा. आन म्हातारीचा जबाब लिवून घ्या. अशिक्षित आहे म्हणून टाका त्यात. त्या शब्दाला वजन असतं."

मंचरच्या डॉक्टरांनी पत्र लगेच दिलं. जबाब मी लिहिला. शाळेत माझ्या निबंधांना बक्षिसं मिळायची, तीच भाषा वापरली. 'मी अशिक्षित व वयोवृद्ध असून, आजाराबाबत समज नसल्याने मी डॉक्टरांना चुकीची माहिती दिली.'

आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिला कागद वाचून दाखवला.

"अशिक्षित म्हंजी अडाणी ना रं?"

"तसं नाही आत्या, कागदावर लिहायची पद्धत असते."

"मंग अडाणी लिव की. मला कळंल तरी कशावर सही करते ती." ती हसली. मग हात पदराला पुसून विचारलं, "पोरीला इंजिक्शन मिळंल ना यानं?"

"मिळेल."

"आण हिकडं." तिने सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मी घाईत होतो. चहाही न घेता निघालो.

मंजुरी आली. कोणते कागद विचारात घेतले ते कंपनीने पत्रात कळवलं होतं: डॉक्टरांचं पत्र आणि अंगणवाडीचं कार्ड. त्यावर पोरगी वर्षाची असताना चालायला लागल्याची नोंद होती. आत्याच्या जबाबाचा उल्लेखही नव्हता. त्याची गरजच नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. इंजेक्शनं सुरू झाली, पोरगी पळायला लागली, आणि आनंदात ते राहून गेलं.

गेल्या महिन्यात आत्याला दम लागतो म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? तिने माझ्याकडे बोट केलं. "याला इचारा. माझं सांगणं चालत न्हाई." डॉक्टर हसले. मी काहीतरी अंदाजाने सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वाटेला लावलं.

तेव्हापासून फोनवर ती "बरं हाय" एवढंच म्हणते आणि ठेवून देते. म्हणून मी तिला पत्र पाठवलं. शेजारची सून वाचून दाखवेल, म्हणून सोपं लिहिलं.

"आत्या,

मागे मी कागदावर लिहिलं होतं, म्हणून हेही कागदावरच लिहितो.

मी लिहून देतो की माझी आत्या अडाणी नाही. पोरीचा गुडघा सुजलाय हे तिने पाहिलं. आम्ही आईबाप रोज जवळ असून आम्हाला दिसलं नाही. तिने जन्मापासून म्हटलं, म्हणून डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि पुण्याला पाठवलं. पोरगी आज पळते ती त्यामुळे. मी जगलो तोही तिच्या पंधरा दिवसांमुळे.

त्या जबाबाची कंपनीला गरज नव्हती. तो मी उगाच लिहिला आणि उगाच तुझी सही घेतली. मंजुरी आली तेव्हाच हे मला कळलं होतं, पण मी तुला सांगितलं नाही.

सोमवारी गाडी घेऊन येतो. आपण पुन्हा दवाखान्यात जाऊ. डॉक्टर विचारतील, दम कधीपासून लागतो. तुला वाटतील तेवढे दिवस सांग. मी मध्ये बोलणार नाही."