'येतों' म्हणायचं बटण

रघुनाथ गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या कम्प्युटर क्लासमध्ये करंट नव्हता. तंजावूरजवळच्या पापनाशमच्या एका शाळेतली बंद पडलेली मशीन्स बघायला तो सकाळच्या बसने गेला होता. दुपारी शाळेतून शेजारच्या टेलिफोन बूथवर फोन आला… छातीत कळ आली आणि तो खुर्चीवरून उठलाच नाही. मी धावत त्याच्या घरी गेले. मामींना, म्हणजे त्याच्या आईला, बातमी आधीच पोचली होती. त्या रडत नव्हत्या. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "निघतांना 'येतों' म्हणाला कां ग तो? कुकरची शिटी होत होती. मला ऐकूं आलें नाहीं." मी तिथे नव्हते, मी काय सांगणार? पण मामी भेटेल त्याला तेच विचारत राहिल्या.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून तंजावूरला आले आणि रघुनाथच्या क्लासमध्ये शिकवायला लागले. बाजार नुकता खुला झाला होता, टीव्हीवर परदेशी चॅनेल आली होती आणि ज्याला त्याला आपलं पोर कम्प्युटर शिकलेलं हवं होतं. रघुनाथच्या घराण्याला तंजावुरात पिढ्यान् पिढ्या झालेल्या. त्याला देवनागरी वाचता येत नसे, मराठी तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा. पण बोलण्यात 'येतों', 'जातों' असे अनुस्वार, आमच्याकडे पणजोबांबरोबर गेलेले. मला तो अक्का म्हणे आणि माझ्या बोलण्याला हसे. "तुमची मराठी इस्त्री केलेली आहे, अक्का."

दिवसभर शिकवून उरलेल्या वेळात त्याने एक खेळ बनवला आणि फ्लॉप्यांवर भरून आसपासच्या शाळांना दिला. एक मुलगा घरातून निघतो, गल्ल्यांतून भटकतो, नदीवर जातो, पतंग पकडतो. मजाच मजा. अट एकच. खेळ थांबवायचा तर मुलाला घरी आणून, दारातल्या आईसमोर उभं करून 'वाय'चं बटण दाबायचं. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'येतों' उमटे. न सांगता मशीन बंद केलं, तर पुढच्या वेळी आई दारातच उभी, उपाशी, ताट झाकलेलं. पुन्हा तसंच केलं तर ती अंथरुणावर. आणि तिसऱ्यांदा… दार उघडं, आत कुणी नाही. फ्लॉपी बदला, पहिल्यापासून सुरू करा, आई परत येत नसे. आणि आमच्या गावात करंट जायला मुहूर्त लागत नसे! पोरं खेळात रंगलेली असताना दिवे जायचे, आणि आयांचा जीव जायचा.

व्हायचं तेच झालं. एक मुलगी शाळेत जाईना, आईचा पदर सोडीना. एका तमिळ पेपरने 'आईला मारणारा खेळ' असा मथळा दिला. मी रघुनाथला म्हटलं, दोन ओळी बदल, करंट गेला तर मोजू नकोस. निदान यूपीएस तरी घे. पण इथंच आमचं घोडं पेंड खायचं. "करंट गेला म्हणून आई वाट बघायची थांबते कां, अक्का?" मी म्हटलं, असल्या शहाणपणापायी लहान मुलांना घाबरवायचा तुला हक्क नाही. आम्ही कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होतो. मला आजही वाटतं, माझं चुकलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी पालकच आले, वीसपंचवीस जण. एकाने फ्लॉपी टेबलावर आपटली, दुसऱ्याने मॉनिटरवर हात टाकला. खेळ पुसला नाहीस तर एक मशीन शाबूत ठेवणार नाही, म्हणाले. रघुनाथ मशीनपुढे हात पसरून उभा, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मामी आत आल्या. "माझ्या लेकानें कोणाची आई मारली म्हणतात. दाखवा मला ती." खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसल्या. आई दारात उभी होती. मामी बघत राहिल्या. मग त्या लेकाकडे वळून म्हणाल्या, "किती वेळ उभी केली आहेस हिला? पाय दुखत नाहींत कां तिचे? तिण्णैवर बसव." तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. गर्दीत कुणीतरी हसलं आणि मॉनिटरवरचा हात निघाला. आमच्यापैकी कुणासाठी जो एक ओळ बदलायला तयार नव्हता, त्याने आईला ओट्यावर बसवलं. मरण मात्र ठेवलंच. शाळांनी फ्लॉप्या परत पाठवल्या, खेळ तिथेच संपला. क्लासमधल्या त्याच्या स्वतःच्या मशीनवर तेवढा राहिला.

गेल्या महिन्यात मामी क्लासमध्ये आल्या. "त्याचा खेळ लाव ग." रघुनाथ जाण्याच्या आदल्या संध्याकाळी खेळत बसला होता आणि उठताना काय करून गेला, मला ठाऊक नव्हतं. आत रिकामं घर निघालं तर? सारा प्रोग्रॅम आता माझ्या हातात होता. मामींना चहाला बसवून गुपचूप बदलता आला असता. पण मामी माझ्या बोटांकडेच बघत होत्या. मी मशीन सुरू केलं.

आई ओट्यावर बसली होती. शेजारी झाकलेलं ताट.

म्हणजे न सांगताच गेला होता… मला मामींकडे बघवेना. त्या पुढे वाकल्या. "अजून जेवली नाहीं ही," म्हणाल्या. "कोठलें बटण?" मी दाखवलं. त्यांनी दाबलं. पडद्यावरची बाई उठली, ताट घेऊन आत गेली, स्वयंपाकघरात दिवा लागला. मामींनी पदर तोंडाला लावला आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. मीही रडले.

आता मी यूपीएस घेतला आहे. रघुनाथ चिडला असता, चिडू दे. मामी रोज दिवेलागणीला येतात, मुलाला गल्लीत थोडं फिरवतात, घरी आणतात, बटण दाबतात. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नाहीत, मी वाचून दाखवते. परवा मी म्हटलं, "मामी, हे पुरुषाचं 'येतों' आहे. तुम्ही 'येतें' म्हणाल ना? दोनच ओळी आहेत, बदलून देते."

"नको ग," मामी म्हणाल्या. "राहूं दे. ती त्याचेंच ऐकायला बसली आहे."